कुलाब्याच्या भिंतीवर बडोदे

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'मुंबईच्या आर्ट गॅलऱ्या' असं सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही सगळी बांधकामातली माणसं. आम्हाला वाटलं, रस्त्यांवर नाहीतर पुलांवर बोलाल." त्यांचं म्हणणं रास्त आहे. आम्ही पाच जण. चौघे सिव्हिलचे डिप्लोमावाले, पाचवे हिशेब शाखेतले. वयं चाळिशी ओलांडलेली, नोकरी राज्य सरकारची. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरीची परीक्षा, तीही दोघांनीच दिलेली. बाकी ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर. त्यामुळे आज इथं कलासमीक्षा ऐकायला मिळणार नाही.

गेली तीन-चार वर्षं आम्ही एक करतो. वर्षातून एक-दोनदा, चौथ्या शनिवारची सुट्टी गाठून, बडोद्याहून रात्रीची गाडी धरतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. संध्याकाळपर्यंत काळा घोडा ते कुलाबा या पट्ट्यातल्या गॅलऱ्या पायी हिंडून पाहतो. रात्री परतीची गाडी. सोबत घरची मंडळी असतात, डबे असतात, कधी एखादं पोरही असतं. या हिंडण्यातून जे कळलं ते थोडक्यात असं: त्या दारांमागे जे टांगलेलं असतं, त्यातलं बरंचसं आपल्याच गावात घडलेलं असतं. ते पाहायला एक पैसा पडत नाही. आणि ते तिथं महिना-दीड महिनाच असतं, मग कोणाच्या तरी घरात जातं आणि आपल्याला पुन्हा दिसत नाही.

आधी थोडा भूगोल. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनं हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर मागे टाकले की काळा घोडा येतो. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा त्याचा अश्वारूढ काळा पुतळा तिथं होता. १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, पण नाव काही हललं नाही. २०१७ मध्ये तिथं पुन्हा घोडा उभा केला, या वेळी स्वाराविना. याच चौकाजवळ जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती १९५२ साली उभी राहिली. समोरच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून सरकारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. या दोन ठिकाणी आपल्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असतील.

आम्ही बोलतो आहोत ते तिसऱ्या प्रकाराबद्दल, खासगी व्यापारी गॅलऱ्यांबद्दल. जहांगीरमध्ये चित्रकार आठवड्यासाठी दालन भाड्यानं घेतो. त्याची तारीख मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि मग तो स्वतः आपल्या चित्रांपाशी खुर्ची टाकून बसतो. खासगी गॅलरीचं उलट. तिथं गॅलरी चित्रकाराला निवडते, खर्च करते, चित्रं विकते आणि विक्रीत वाटा घेते. अशा गॅलऱ्या काळा घोड्यापासून रीगलच्या चौकापर्यंत आणि पुढे ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्ल्यांत पसरल्या आहेत. प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड आहे. ताजच्या मागे मेरेवेदर रोडवर झवेरी कंटेम्पररी आणि मीरचंदानी-स्टाइनरुके. आर्थर बंदर रोडवर चटर्जी अँड लाल. नारायण सावंत मार्गावर एका जुन्या छापखान्याच्या जागेत प्रोजेक्ट ८८. आणखीही आहेत. जागा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी.

हा भाग मुंबईतला अतिशय महागडा. एका कप कॉफीच्या पैशात आपल्याकडे भरपेट थाळी मिळेल. गॅलऱ्या मात्र रस्त्यावरून दिसतही नाहीत. जुन्या इमारती, सागवानी जिने, जाळीच्या दाराची लिफ्ट, जिन्यात कोणाच्या तरी सायकली, आणि वरच्या मजल्यावर एक बंद दार. दाराला छोटी पाटी आणि घंटा. आम्ही बांधकामवाले, त्यामुळे आधी भिंतींची जाडी आणि तुळया न्याहाळण्यात दहा मिनिटं जातात. तो एक बहाणाही असतो. खरी गोष्ट अशी, की घंटा वाजवायला हात उचलत नाही.

हा संकोच काय आहे, याचा आम्ही परतीच्या गाडीत पुष्कळ विचार केला. आपण मंगळबाजारात साडी घ्यायला गेलो तर दुकानदार "या ताई, बसा" म्हणून चाळीस साड्या उलगडतो. त्या उलगडण्यानं आपण गिऱ्हाईक ठरतो आणि निर्धास्त होतो. गॅलरीत कोणी "या, बसा" म्हणत नाही. पांढऱ्या भिंती, गार हवा, कोपऱ्यात टेबलाशी एक मुलगी लॅपटॉपवर काम करत असते. ती मान वर करते, किंचित हसते, पुन्हा खाली घालते. आपल्याला वाटतं, हिनं आपल्या चपला पाहिल्या. एका ठिकाणी, नाव घेत नाही, तर दारावरच्या शिपायानं आम्हाला विचारलं, "किससे मिलना है?" आमच्यातले एक जण म्हणाले, "चित्रांना भेटायचं आहे." तो गोंधळला, पण त्यानं दार उघडलं. आत गेल्यावर कोणी हटकलं नाही. पुढेही कधी हटकलं नाही. एवढ्या वर्षांत आमच्याकडे कोणी ओळखपत्र मागितलेलं नाही, तिकीट मागितलेलं नाही, 'घेणार आहात का' असंही विचारलेलं नाही.

म्हणजे ज्याला आपण तुटकपणा समजतो तो पुष्कळदा तिथला शिष्टाचार असतो. पाहणाऱ्याला एकटं सोडायचं. काही विचारलं तर मात्र बहुतेक जण मनापासून सांगतात. टेबलाशी बसलेल्या मुलीला आम्ही "ताई, हे कशावर काढलंय?" एवढं विचारलं, आणि ती उठून वीस मिनिटं आमच्याबरोबर फिरली. असं एकदाच नाही, अनेकदा झालं.

आता तिथल्या काही रीती सांगतो, म्हणजे नवख्या माणसाला अडचण नको. बहुतेक गॅलऱ्या सकाळी अकराच्या सुमारास उघडतात, संध्याकाळी सहा-सातला बंद होतात, आणि रविवारी सुट्टी असते. म्हणून शनिवार. चित्राशेजारच्या पाटीवर नाव, साल, माध्यम आणि मापं असतात, किंमत नसते. किमतीचा कागद वेगळा असतो, मागितला तर दाखवतात, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. एखाद्या पाटीजवळ छोटी लाल टिकली चिकटवलेली दिसली तर ते चित्र विकलं गेलं असं समजावं. छापचित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ३/२५ असं लिहिलेलं असेल, तर त्या ठशाच्या एकूण पंचवीस प्रती आणि ही तिसरी. चित्राला हात लावायचा नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं. आणि दाराजवळच्या वहीत नाव लिहायचं. नावापुढे आम्ही आवर्जून 'बडोदे' लिहितो.

किमतीचा कागद आम्ही पहिल्यांदा मागितला, तेव्हा त्यावरचे आकडे पाहून आमच्यातल्या दोघांनी चष्मे पुसले. एका कागदाएवढ्या चित्राला साडेचार लाख. आमच्या हिशेब शाखेतल्या मित्रानं त्याच दिवशी चौकशी करून हिशेब मांडला. साधारणपणे निम्मे पैसे चित्रकाराला, निम्मे गॅलरीला. गॅलरीच्या निम्म्यातून जागेचं भाडं, वाहतूक, विमा, चौकटी, दिवे, छापील पुस्तिका, माणसांचे पगार. चित्रकाराच्या निम्म्यातून रंग, कॅनव्हास, स्टुडिओ, आणि ज्या वर्षी काहीच विकलं जात नाही त्या वर्षीचं घर. शेवटी मित्र म्हणाला, "पगारदार माणसाला हा धंदा परवडणार नाही." आणि जे चित्र पुढे लिलावात दामदुपटीनं जातं, त्याचं काय? तर कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५३-अ आलं आहे. मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागण्याचा हक्क आहे, जास्तीत जास्त दहा टक्के. खात्यात कलमं वाचायची सवय असल्यामुळे हे आम्हाला लवकर सापडलं.

पण आकड्यांनी आपण दबून जातो, हेही खरं. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. आपल्या मंडळात चर्चा झाली ती कोटींची. हुसेन पंढरपूरला जन्मले, इंदूरला वाढले, लहानपणी काही काळ इथं बडोद्यात शिकले, हे कोणाच्या बोलण्यात आलं नाही. चित्रात काय आहे, हे तर नाहीच. खेड्यातली बाई, जातं, बैलगाडी, लेकरू, असं आपल्या आजीच्या ओळखीचं सगळं त्यात आहे. पैशाची बातमी चित्राच्या पुढे उभी राहते आणि चित्र झाकतं. गॅलरीत प्रत्यक्ष गेलं की हे झाकण निघतं, कारण समोर चित्र असतं आणि किमतीचा कागद टेबलाच्या खणात असतो.

"पण आम्हाला चित्रातलं कळत नाही," हे वाक्य आम्ही या हॉलमध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. दरवर्षी आपण गणपतीची मूर्ती आणायला जातो. तिथं काय करतो? दहा मूर्ती निरखतो. हिचे डोळे सुरेख आहेत पण सोंडेचा वळसा जमला नाही. हिची बैठक चांगली, पण हाताची बोटं जाड झाली. ही शाडूची असूनही हलकी वाटते. घरातली आठ वर्षांची मुलगीसुद्धा मत देते आणि ते बरोबर निघतं. हे पाहणंच आहे. ज्या घराण्यांनी पाच-सहा पिढ्या मूर्ती अशी निवडून आणली, त्यांना डोळा नाही असं कसं म्हणावं?

आता राहिली ज्यात डोळे-सोंड काहीच नाही अशी चित्रं. एका गॅलरीत सहा फूट बाय चार फुटांचा नुसता करडा रंग होता. आमच्यातल्या एका वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या गिलाव्याला ओल आली की अगदी असंच दिसतं." आम्ही सगळे हसलो. बांधकामवाल्यांच्या बायकोनं म्हणावं असंच ते होतं. पण पाय दुखत होते, समोर बाक होता, म्हणून तिथंच बसलो. दहा-बारा मिनिटं गेली. करड्याखाली निळसर थर दिसू लागला, त्याच्याही खाली कुठंतरी गेरू. एका बाजूचा रंग खरवडून पातळ केलेला, दुसऱ्या बाजूला साठवलेला. वहिनीच पुन्हा म्हणाल्या, "पण ओल अशी तोलून येत नाही हो." यापेक्षा चांगली समीक्षा आम्हाला करता येणार नाही. आपल्या गावात उस्ताद फैयाज खाँसाहेब गायले. त्यांच्या आलापीला शब्द नव्हते, म्हणून आपले आजोबा बैठकीतून उठून आले नाहीत. ते बसले, आणि बसता बसता कान तयार झाला. डोळ्याचंही तसंच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती सांगतो.

प्रदर्शनाच्या सुरुवातीला भिंतीवर चित्रकाराची दोन-चार ओळींची माहिती लावलेली असते. जन्म अमुक साली, शिक्षण अमुक ठिकाणी, आणि शेवटची ओळ: हल्ली वास्तव्य आणि काम अमुक गावी. आम्ही या ओळी वाचायला लागलो आणि चकित झालो. शिक्षण: फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे. वास्तव्य आणि काम: वडोदरा. एका गॅलरीत दिसलं, पुढच्या गॅलरीत दिसलं, पुढच्या खेपेला पुन्हा. चित्रकार केरळचा असेल, आसामचा असेल, आंध्रचा असेल, राहणार वडोदरा. चारशे किलोमीटर रात्रभर प्रवास करून, कुलाब्याचा जिना चढून, आम्ही जे पाहत होतो ते कदाचित आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर काढलेलं होतं. तिथल्या मुलीनं आम्ही बडोद्याचे म्हटल्यावर डोळे मोठे केले. "मग तुम्ही पुष्पबागला नेहमी जात असाल!" आमच्यापैकी तिघे विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकचे. पुष्पबाग तिथून चालत जाण्यासारखी. तीन वर्षांच्या शिक्षणात तिघांपैकी कोणीही त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

असं का व्हावं? चित्रांशी आपलं, बडोद्याच्या मराठी घरांचं, नातं काही कालपरवाचं नाही. महाराज सयाजीरावांनी राजा रविवर्म्यांना बोलावलं, त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, आणि ती दरबारात टांगण्याआधी लोकांना पाहायला खुली केली. आपल्या पणज्या-पणजोबांनी नळ-दमयंती, देवकी-कृष्ण असे रांगेत उभं राहून पाहिले असतील. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनीच रविवर्म्यांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला होता. १८९४ मध्ये छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी आल्या. आपल्या देवघरातली ती चौकट ही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातली पहिली 'आर्ट गॅलरी'. पुढे शांतिनिकेतनचे नंदलाल बोस इथं आले आणि त्यांनी कीर्तिमंदिराच्या भिंतींवर गंगावतरण, महाभारतातलं युद्ध, मीराबाई हे सगळं रंगवलं. १९५० साली विद्यापीठात फाइन आर्ट्सचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा चित्रकला शिकवायला आले नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरचे मराठी गृहस्थ, आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर पिढ्या घालवलेल्या घरातले. १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले, १९६६ पर्यंत इथं होते. त्यांच्या हाताखालून जी पिढी निघाली, तिनं बडोद्याचं नाव जगभर नेलं.

आणि गंमत पाहा, मुंबईतला गॅलरीचा धंदाही चौकटीपासूनच सुरू झाला. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये फोटोफ्रेमच्या पट्ट्या बनवायचा कारखाना काढला. केमिकल मोल्डिंग, म्हणून केमोल्ड. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानाच्या काचेत रिकाम्या चौकटी ठेवण्याऐवजी त्यांनी त्यांत तरुण चित्रकारांची चित्रं लावली. हुसेन, आरा, रझा अशी ती नावं होती, तेव्हा कोणाला फारशी ठाऊक नसलेली. १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी सुरू झाली. २००७ मध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोडला आली. म्हणजे ज्या दारापाशी आपले पाय अडखळतात, त्याच्या मुळाशी एक फ्रेमचं दुकान आहे.

भूपेन खख्खर यांचं नाव घेतल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. ते चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ च्या सुमारास मुंबईहून बडोद्याला आले, इथल्या एका छोट्या कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत. पहिलं एकट्याचं प्रदर्शन १९६५ मध्ये जहांगीरला झालं. त्यांनी काय रंगवलं? घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हाव्याचं दुकान. रावपुऱ्यातून मांडवीकडे जाताना जी माणसं आपण रोज पाहतो आणि पाहत नाही, ती. २००३ साली ते गेले. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या जगप्रसिद्ध संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. आमच्या हिशेब शाखेतल्या मित्राला हे कळल्यापासून तो खात्याच्या वहीच्या मागच्या पानावर काय काय काढतो, ते आम्ही इथं सांगत नाही.

शेवटची गोष्ट जरा घरातली आहे. आमच्यातल्या एकाची मुलगी गेल्या खेपेला बरोबर होती. बारावीत आहे. तिला फाइन आर्ट्सचा फॉर्म भरायचा आहे. घरी वर्षभर एकच वाद: आधी आर्किटेक्चर नाहीतर निदान डिप्लोमा, मग हौस म्हणून काय ती चित्रं. तिचे वडील वाईट माणूस नाहीत. पगारावर घर चालवणाऱ्या कोणत्याही बापाला पडतो तोच प्रश्न त्यांना पडला आहे: खाणार काय?

त्या दिवशी एका गॅलरीत ही मुलगी टेबलाशी बसलेल्या ताईजवळ गेली आणि तिनं सरळ विचारलं, "तुम्ही काय शिकलात?" ती ताई बडोद्याचीच निघाली, म्हणजे शिकायला बडोद्यात होती, कलेच्या इतिहासाची पदवीधर. मग तिनं बोटं मोडून कामं सांगितली. चित्रांची निवड आणि मांडणी करणारे असतात. जुनी चित्रं दुरुस्त करणारे असतात. कुठलं चित्र कुठं गेलं याची नोंद ठेवणारे, चित्रं बांधून पाठवणारे, प्रकाशयोजना करणारे, चौकटी बनवणारे, लिहिणारे, शाळांतून शिकवणारे असतात. आणि ती हेही म्हणाली, की वर्गातल्या सगळ्यांची चित्रं अशा भिंतीवर येत नाहीत, थोड्यांचीच येतात, आणि तीही पुष्कळ वर्षांनी. तिनं काही गोड करून सांगितलं नाही. मुलीचे वडील बाजूला उभे राहून सगळं ऐकत होते. परतीच्या गाडीत ते सुरतेपर्यंत काही बोलले नाहीत. सुरतेला चहा घेतला आणि म्हणाले, "फॉर्म कधी निघतो ते बघायला हवं." निर्णय झालेला नाही. घरात बोलणं चालू आहे. पण ते आता बोलणं आहे, वाद नाही. आणि वडिलांनी निदान ते ठिकाण डोळ्यांनी पाहिलं आहे, ज्याच्याबद्दल ते 'हो' किंवा 'नाही' म्हणणार आहेत.

आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपल्यापैकी कोणी साडेचार लाखांचं चित्र विकत घेणार नाही. पण आपली मुलं कुठल्या दाराशी थांबतात आणि कुठल्या दारातून आत जातात, हे पुष्कळदा आपण कुठं थांबलो यावर ठरतं. ज्या गावात बेंद्र्यांनी शिकवलं, त्या गावातल्या मराठी घरातल्या मुलीला पुष्पबागेचं फाटक परकं वाटू नये, एवढी तरी काळजी आपल्या हातात आहे. बाहेरगावची मुलं आसामातून, केरळातून इथं येऊन राहतात, आणि आपण इथं जन्मून ती वास्तू बसमधून पाहतो, हे काही बरोबर नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, मे महिन्याच्या सुमारास फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं. मंडळानं एक संध्याकाळ ठरवून सर्वांनी मुलाबाळांसह तिथं जावं. त्या आधी एका रविवारी कीर्तिमंदिर पाहावं. दुसरी, मुंबईच्या गॅलऱ्या २०१२ पासून साधारणपणे जानेवारीत एका गुरुवार ते रविवारी मिळून प्रदर्शनं भरवतात. त्या वेळी पंधरा-वीस जणांची सहल काढता येईल. गाडीचं आरक्षण, चालण्याचा रस्ता आणि कुठं बसून डबे उघडता येतात याची माहिती, हे सगळं आमच्याकडे तयार आहे. चालणं सुमारे तीन-चार किलोमीटर होतं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी मध्ये टॅक्सी करू. जिथं जिथं लिफ्ट आहे त्या गॅलऱ्यांची वेगळी यादी केली आहे, कारण काही इमारतींचे जिने आम्हा बांधकामवाल्यांनाही दमवतात.

आज गणरायापुढे आपण जमलो आहोत, तो चौसष्ट कलांचा अधिपती. चित्रकला त्यातलीच एक. नावं नोंदवायची वही बाहेर प्रसादाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. येणाऱ्या मुलांचं वय तेवढं नावापुढे लिहावं, म्हणजे रेल्वेची अर्धी तिकिटं काढायला सोपं जाईल.